नोटबुर्गाच्या भाड्याच्या स्की

सांक्ट किलियान गावात जन्माला येऊन स्की येत नाही असं सांगायचं म्हणजे कोळ्याने पोहता येत नाही म्हणून सांगण्यासारखं आहे. कोणी विचारत नाही, म्हणून कोणी सांगत नाही. नोटबुर्गाने साठी गाठली तरी तिला कोणी विचारलं नव्हतं. ती आमच्या गल्लीतून पावाची पिशवी घेऊन जायची तेव्हा, डोंगराखाली वाढलेली ही दणकट बाई बर्फावर कशी उतरत असेल, असा विचार एखाद्या पाहुण्याच्या मनात आला असेल तर असेल. आम्हा गावकऱ्यांच्या मनात तोही कधी आला नाही.

तिच्या बापाच्या गाई उन्हाकडच्या उतारावर होत्या. शाळेतली पोरं स्की शिकायला निघाली की बाप म्हणायचा, "तू पाय मोडून घेतलास तर धारा कोण काढणार?" ती गाईंपाशीच राहिली. पंधराव्या वर्षी एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात लागली, आणि पुढे कासियानशी लग्न करून स्वतःच्या घराच्या वरच्या मजल्यावर पाहुणे ठेवायला लागली. हिवाळा म्हणजे आमच्याकडची सुगी. सुगीत घरची बाई शिवार बघत हिंडत नाही, ती चुलीपाशी असते. अंधारात उठायचं, गरम पाव, अंडी, कॉफी मांडायची; पाहुणे डोंगरावर गेले की चादरी बदलायच्या, बॉयलरपाशी ओले मोजे वाळत घालायचे, दुपारसाठी केक, रात्रीसाठी सूप. संध्याकाळी लाल गालांचे पाहुणे परत यायचे आणि तिच्याच खिडकीतून दिसणारा डोंगर वर किती सुंदर आहे हे तिला सांगायचे. ती म्हणायची, "हो का? छान." असे हिवाळ्यामागून हिवाळे गेले. पाण्यात राहून बाई कोरडी ती कोरडीच.

कासियानचं उलट. तो डोंगरावरच्या बचाव पथकाचा प्रमुख. हाडं मोडलेली माणसं घसरत्या स्ट्रेचरवरून खाली आणायची, हे त्याचं काम. मोडेन पण वाकणार नाही असा गडी. घरात बोलायचा कमी आणि बोललाच तर हुकूम सोडल्यासारखा. निवृत्तीनंतर त्याच्या डोळ्यांनी दगा दिला. समोर बघितलं की मधोमध काळा डाग, कडेकडेचं तेवढं दिसायचं. इन्सब्रुकच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, एकट्याने स्की बंद. कोणीतरी भडक जाकीट घालून पुढे जाणार असेल, ओरडून वळणं सांगणार असेल, तर सोप्या उतारावर चालेल. नाताळात लिंझहून मुलगा आला होता, लोरेन्झ. तो बापाला घेऊन गेला आणि आपल्याच वेगाने सुटला. बाप कडेच्या जाळीत जाऊन अडकला. लहान पोराला काढावं तसं त्याला जाळीतून काढलं ते त्याच्याच जुन्या पथकाने.

त्यानंतर कासियानच्या स्की तळघरात गेल्या आणि कासियान खिडकीत. दाढी करेना. माणसांना डोंगरावर नेणारी लिफ्ट सुरू झाल्याचा आवाज आला की मान वळवायचा, बंद झाली की झोपायला जायचा. खिडकीत बसलेला म्हातारा किती हिवाळे टिकतो हे नोटबुर्गाने शेजारीपाजारी पाहिलं होतं. तिने स्वतः त्या वर्षी पाहुणे ठेवणं बंद केलं होतं. पाठ, पाय आणि पाहुणे तिन्ही एकदमच नकोसे झाले होते. आता जरा बसावं म्हणून ती बसली, तर समोर हा बसलेला. याला परत बर्फावर न्यायचं तर पुढे जाणारं माणूस हवं, आणि घरात दुसरं माणूस नव्हतं.

मार्चमध्ये ती थोरल्या बहिणीला भेटायला जाते म्हणून शेजारच्या खोऱ्यात, लेर्खतालला, जायला लागली. बहिणीकडे कॉफी प्यायची आणि तिथल्या स्की शाळेच्या बालवर्गात जाऊन उभी राहायची. झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढची टोकं जवळ आणि मागची लांब ठेवून नांगरासारखं घसरायचं, वळायचं, थांबायचं, एवढं तिला जमलं. पाय असे दुखायचे की बसमधून उतरताना ती दांडा सोडायची नाही. पण जमलं. तेव्हा स्की शाळेच्याच होत्या; दिल्या त्या घातल्या. या हिवाळ्यात सराव एकटीने करायचा होता आणि स्की स्वतः निवडून भाड्याने घ्यायच्या होत्या. गावात घेणं शक्यच नव्हतं. गावात भाड्याने स्की घेतात ते पाहुणे.

म्हणून डिसेंबरात ती लेर्खतालमध्ये वेंडेलिनच्या दुकानात शिरली. वेंडेलिन चाळिशीचा, तोंडाचा पट्टा सतत चालू.

"ये, ये. दार लाव आधी. थंडी मी भाड्याने देत नाही."

"स्की हव्यात. आठवडाभरासाठी."

तेवढंच बोलली ती. पण आमच्याकडे खोऱ्याखोऱ्याला बोली बदलते. वेंडेलिनने मान वाकडी केली. "किलियानची ना गं तू?"

चोराच्या मनात चांदणं. "हो," ती म्हणाली, "तिकडचीच."

"अगं मग विचारायचं काय! किलियानची माणसं आईच्या पोटातून येतात तीच स्कीवर. पण भाड्याने का? तुझ्या कुठे गेल्या?"

खरं सांगायची वेळ हीच होती. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. नोटबुर्गा म्हणाली, "चोरीला गेल्या."

"पाहुण्यांचे धंदे! दुसरं काय!" वेंडेलिन तिच्यापेक्षाही चिडला. "बस. बुटांपासून सुरुवात करू."

तिने सैल बूट मागितले. आयुष्यभर उभं राहून सुजलेले पाय तिचे. वेंडेलिनने ऐकलं नाही. "सैल बूट म्हणजे चपला घालून घोडा हाकणं. हा घाल. सरळ उभी राहा. बोटं पुढे टेकतात?" टेकत होती. "आता गुडघे वाकव. मागे सरकली?" सरकली. "मग हाच." बुटांपुरतं सगळं रीतसर झालं. मग त्याने वय आणि वजन विचारलं, आणि तिने दोन्ही खरं सांगितलं. बाईने वय-वजन खरं सांगावं आणि बाकी सगळं खोटं, अशी उलटी गंगा त्या दुकानात पहिल्यांदाच वाहिली असेल.

"आणि उतरतेस कशी? सावकाश, मधली की जोरकस?"

हे तो उगीच विचारत नव्हता. बूट स्कीला धरून ठेवणारा एक चाप असतो. माणूस पडला की त्याने बूट सोडायचा असतो. जोरकस माणसासाठी तो घट्ट आवळतात, कारण भर वेगात स्की सुटली तर जीव जाईल. नवख्यासाठी सैल ठेवतात, कारण नवखं माणूस हळूच पडतं, आणि हळू पडल्यावर घट्ट चाप सोडत नाही. सुटतो तो गुडघा.

नोटबुर्गा गप्प. तेवढ्यात वेंडेलिननेच विचारलं, "किलियानचा तो कासियान, बचाव पथकाचा, आहे का अजून?"

"माझा नवरा."

"तुझा नवरा!" वेंडेलिनने हात जोडायचेच बाकी ठेवले. "मग बाई, तुला मधली म्हणायची माझी छाती नाही."

त्याने भिंतीवरून एक जोडी काढली आणि तिच्याशेजारी उभी धरली. टोक तिच्या कपाळाच्या वर गेलं. शाळेच्या स्की हनुवटीला लागायच्या, हे तिला चांगलं आठवत होतं. तिने हाताने वाकवून पाहिली. दाराची फळी वाकेल एवढीच वाकली. "दगड आहे दगड," वेंडेलिन कौतुकाने म्हणाला. "बर्फ कापत जाते. तुझ्यासारखीलाच द्यावी अशी." आणि त्याने चापाचा स्क्रू करकचून फिरवला. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. तो वाळा घेऊन नोटबुर्गा उताराकडे निघाली.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. त्या लांब स्की नांगरासारख्या उघडेनात. उतार होता पोरांचाच, तरी त्या पळत सुटायच्या. ती प्रत्येक वळणाला घाबरून मागे रेलायची, आणि मागे रेललं की त्या आणखी पळायच्या. हे स्कीचं काम आहे असं तिच्या मनात आलं नाही. म्हातारी झाले, पाय गेले, एवढंच आलं. दुपारी ऊन पडून बर्फ जड झाला. एका वळणावर दोन्ही टोकं एकमेकींवर चढली, अंग एकीकडे गेलं आणि पाय स्कीबरोबर दुसरीकडे. चापाने बूट सोडला नाही. गुडघ्यात आतल्या बाजूने ओली चादर पिळावी तसं काहीतरी पिळलं गेलं. ती बसल्याबसल्या घसरत खाली आली. दुकानात वेंडेलिनने विचारलं, "मजा आली ना?" ती म्हणाली, "खूप."

घरी जिना चढताना वरून कासियानचा आवाज आला. "कोण? पाय वेगळा का वाजतोय तुझा?"

"बर्फावर घसरले. बसथांब्यापाशी."

"इकडे ये. पाय वर घे."

"अरे काही नाही झालेलं..."

"पाय वर घे म्हटलं ना."

त्याने तिचा पाय मांडीवर घेतला. डोळे गेले होते, हात शाबूत होते. त्याने बोटांनी गुडघ्याच्या दोन्ही बाजू चाचपल्या, आतल्या बाजूला थांबला, जरासा दाबला. ती कळवळली.

"घसरून आपटलेला गुडघा समोरून सुजतो," तो म्हणाला. "असले गुडघे मी गाडीभर वाहिलेत. हा स्कीने न सोडलेला गुडघा आहे. कोणाच्या स्की?"

मूठ उघडली. "लेर्खतालच्या वेंडेलिनच्या. भाड्याच्या."

"त्याला काय सांगितलंस?"

"मी काही नाही सांगितलं. जोरकस असेन असं त्यालाच वाटलं."

"आणि तू?"

"गप्प बसले."

"गप्प बसली म्हणे!" कासियान एवढा भडकला की खिडकीची काच हलली म्हणा. "अगं बये, या गप्प बसण्यापायीच मी जन्मभर माणसं खाली वाहून आणली! प्रत्येकाला शेजाऱ्यापेक्षा बरं यायला हवं! आणि तू, माझ्या घरातली... कशासाठी पण? या वयात कोणी सांगितलं होतं?"

"तुझ्या पुढे जायला."

तिला वाटलं, आता तरी काहीतरी नीट बोलेल. पण सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. "माझ्याच डोंगरावर," तो म्हणाला, "मला कोणी पुढे नको. आणि तू तर नकोच. गाव बघेल. कासियान आपल्या बायकोच्या मागे नांगर धरून चाललाय."

नोटबुर्गा भांडणारी बाई नव्हती. भांडायलाही जोर लागतो. तिने पाय खाली घेतला.

"मग बस खिडकीत," ती म्हणाली. "इतकी वर्षं मी लोकांचे ओले मोजे वाळवत आले. वर काय असतं ते त्यांच्या तोंडून ऐकलं. तुझ्या तोंडून तेवढंही ऐकलं नाही. आता माझा गुडघा बरा झाला की मी जाणार. तुझ्यासाठी नाही, तुला नकोय ना. माझी मी जाणार."

आणि बटाटे उकडायला ठेवले.

त्यानंतर घरात बोलणं उरलं ते मीठ दे, पडदा ओढ एवढंच. पण रोज संध्याकाळी कासियान चाचपडत फ्रीजपाशी जायचा, फडक्यावर थंड चक्का पसरायचा आणि तिच्या गुडघ्याला बांधायचा. सूज ओढायला आमच्याकडे डॉक्टरच्या आधी चक्काच. अर्धा चक्का जमिनीवर सांडायचा, तो ती पुसायची. जानेवारी असा गेला. तिला मनातून भीती होती ती एकच, की गुडघा बरा होईल, ती जाईलही, आणि हा खिडकीतच राहील.

फेब्रुवारी सरत आला तेव्हा एका सकाळी ती खाली आली तर कासियान स्वयंपाकघरात उभा. दाढी केलेली, हनुवटीला दोन ठिकाणी कापलेलं. हातात स्वतःचे बूट.

"स्की कुठून घेणार आहेस?"

"लेर्खतालहून."

"का?"

"तिथे मला कोणी ओळखत नाही."

"म्हणूनच गुडघा गेला. गेबहार्टकडे चल."

गेबहार्टचं दुकान गावाच्या मधोमध, चर्चसमोर. तो कासियानच्या पथकातला जुना माणूस, आणि त्याच्याकडे सकाळी दुकान गरम ठेवणाऱ्या भट्टीपाशी चार गावकरी कॉफी घेत बसलेले असतातच. त्या दिवशी त्यांत मीही होतो. दोघं आत आले तशा आमच्या माना दाराकडे वळल्या. कासियान जाळीत अडकल्यापासून गावात दिसलाच नव्हता.

"ये बुर्गी," गेबहार्ट म्हणाला. "पाहुण्यांसाठी हवंय का काही?"

"माझ्यासाठी. स्की."

"तुझ्यासाठी." गेबहार्टने एकदा कासियानकडे पाहिलं. "बरं. आणि कशी उतरतेस?"

नोटबुर्गाचे कान लाल झाले. इतक्या वर्षांचं झाकलेलं आता आमच्या कॉफीच्या कपांसमोर उघडं करायचं होतं. "मला येत नाही," ती म्हणाली. "कधीच येत नव्हतं. गेल्या मार्चमध्ये शिकायला लागले. सावकाशच्याही खाली काही असेल तर ते दे."

भट्टीपाशी कोणीतरी फिसकन हसलं. गेबहार्ट हसला नाही. त्याने एक आखूड जोडी काढली, तिच्याशेजारी धरली. टोक हनुवटीपाशी. मधोमध हात ठेवून दाबली तशी ती सहज वाकली. "हिच्यावर रेडकू उभं केलंस तरी वळेल," तो म्हणाला आणि चापाचा स्क्रू सैल करत आणला. तिचा गुडघा त्याने विचारला नाही. गावात गुडघा सगळ्यांना माहीत होता.

मग कासियानने काखेतली स्वतःची जुनी, लांब जोडी टेबलावर आपटली. "याही सैल कर. सावकाशवर."

"तुझ्या?" गेबहार्टने विचारलं.

"बहिरा झालास का? डोळे माझे गेलेत."

आता भट्टीपाशी कोणी हसलं नाही. मी कपात बघत बसलो.

दोघं वरच्या गावकुसाच्या उतारावर गेले, जिथे गावातली पोरं शिकतात आणि सगळ्या खिडक्यांतून दिसतं. नोटबुर्गाने बचाव पथकाचं जुनं नारिंगी जाकीट घातलं होतं, ते तिला गुडघ्यापर्यंत येत होतं. ती पुढे, तो मागे. पुढच्याला सारखं बोलत राहावं लागतं, नाहीतर मागच्याला वाट कळत नाही. जन्मभर "हो का, छान" एवढंच बोललेली बाई आता साऱ्या गावाला ऐकू जाईल अशी ओरडत होती, "डावीकडे! डावीकडे! आता उजवीकडे! हळू! इथे खड्डा आहे!"

"ओरडतेस किती!" मागून आवाज आला.

"ऐकू येतंय ना? मग ये!"

आणि तो येत होता. तिला मागे बघायची सोय नव्हती, पण बर्फ कापल्याचा आवाज तिच्यामागे वळणावळणाला वळत होता, तिच्याच चालीने, कुठे पुढे न घुसता. आखूड स्की तिने म्हटलं तिकडे वळत होत्या. तिला एकदम हसू आलं, आणि त्या हसण्यातच अर्ध्या उतारावर मांड्यांतला जोर गेला. टोकं एकमेकींवर चढली. या वेळी टक्क असा आवाज झाला, एक स्की सुटून बाजूला पडली आणि ती बर्फात बसली, पाय सरळ, गुडघा शाबूत.

आवाज ऐकून कासियान वरच थांबला. "सुटली?"

"सुटली."

"लागलं?"

"नाही."

तो बाजूबाजूने पावलं टाकत, काठीने चाचपत खाली आला. ती अजून उठली नव्हती. तिला उठायचं होतं, उठता येत नव्हतं. धाप लागली होती, आणि नुसती या उताराची नव्हती ती.

"दमलीस का गं?" त्याने विचारलं.

साधा प्रश्न. बसमध्ये शेजारचं माणूस विचारेल असा. नोटबुर्गाने तोंड उघडलं आणि तिला आधी रडूच आलं. खूप दिवस अडलेलं काही सुटावं तसं ती हमसून रडली, बर्फात बसल्या बसल्या, आपल्याच गावासमोर.

"हो," ती म्हणाली. "केव्हाची दमलेय मी, कासियान. केव्हाची."

कासियानने काठीने आपला चाप दाबला, स्की काढल्या आणि तिच्या बाजूला बर्फात बसला. आता, उताराच्या मधोमध बसलेली माणसं म्हणजे त्याचे जन्मभराचे वैरी. दुरून शिट्ट्या मारून, शिव्या घालून त्याने कितीतरी लोकांना असं हाकललं होतं. पोरांचा वर्ग नांगर धरून वरून आला आणि त्या दोघांना वळसा घालून गेला.

बऱ्याच वेळाने तिने नाक पुसलं. "किती वेळ बसायचं असं? लोक बघतायत."

"ते तू सांगायचं," कासियान म्हणाला. "पुढे तू आहेस."